नव्याने घरी आलेल्या बेडकाच्या प्रकृतीवर आणि वागण्यावर लक्ष कसे ठेवावे?

तृणपाते (धागाकर्ती)

नमस्कार. नऊ दिवसांपूर्वी मी व्हाइट्स ट्री फ्रॉग या जातीचा एक लहान बेडूक घरी आणला आहे. नाकाच्या टोकापासून पाठीच्या शेवटापर्यंत तो साडेपाच सेंटिमीटर भरतो, तो बंदिस्त पैदाशीतला आहे असे विक्रेत्याने सांगितले आहे आणि आम्ही त्याचे नाव पाचू ठेवले आहे. कुत्रा किंवा मांजर आजारी पडले तर ते आपल्याला कसे ना कसे कळते. ते कण्हते, अन्नाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात जाऊन पडते. पाचू निरोगी असला तरी दिवसभर न हलता बसणार आणि आजारी असला तरी न हलताच बसणार. त्यामुळे गेले नऊ दिवस मी त्याच्याकडे पाहत आहे खरी, पण नेमके काय पाहायचे हे मला उमगलेले नाही.

तीन गोष्टींमुळे मी काळजीत आहे. आणला तेव्हा तो हिरवागार होता, आता बहुतेक वेळा मातकट तपकिरी दिसतो. चौथ्या दिवसापासून तो दिवसाचा बराचसा वेळ पाण्याच्या वाडग्यातच बसून असतो. तिसरी गोष्ट परवा रात्रीची. साडेअकराच्या सुमारास त्याने पाठ कमानीसारखी वर उचलली, अंग फुगवले आणि जबडा इतका मोठा वासला की घशात काहीतरी अडकले असावे असे मला वाटले. मग मागच्या पायाने तो पाठ पुसू लागला, पुढच्या पायांनी डोक्यावरून काहीतरी तोंडाकडे ओढू लागला, आणि प्रत्येक घोटासरशी त्याचे डोळे आत जाऊन पुन्हा वर येत होते. दहाएक मिनिटांनी सर्व शांत झाले, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

नऊ दिवसांत त्याने एकूण चार रातकिडे खाल्ले आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाणवठा

तृणपाते, सर्वप्रथम परवाच्या रात्रीबद्दल निश्चिंत व्हा. तुमच्या पाचूने कात टाकली आणि ती खाल्ली. साप कात मागे सोडून जातो, बेडूक ती गिळून टाकतो. पातळ, ओलसर, जवळजवळ पारदर्शक असा तो पापुद्रा असतो आणि डोळे आत ओढून तो घास घशाखाली ढकलतो. कोणताही किडा गिळतानासुद्धा तुम्हाला डोळ्यांची तीच हालचाल दिसेल. तारीख मात्र लिहून ठेवा, कारण दोन कातींमध्ये साधारण किती दिवस जातात हे माहीत असले तर उद्या तो रोज कात टाकू लागल्यास ते तुमच्या लगेच लक्षात येईल, आणि वारंवार कात टाकणे हे मात्र त्वचेच्या आजाराचे लक्षण असू शकते.

रंगाचेही एकट्याने काही ठरत नाही. ही जात उजेड, तापमान, ओलावा आणि मनाची अस्वस्थता या सगळ्यांनुसार हिरव्याची तपकिरी आणि तपकिरीची हिरवी होत असते. गार पडल्यावर किंवा नव्या जागेत बिचकल्यावर ती गडद होते. दिवसातून एकदा तरी हिरवा होतो का, झालाच तर केव्हा, एवढे पाहा.

वाडग्यात बसण्याकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही. त्याबद्दल काही बोलण्याआधी मला आकडे हवेत. पेटीत वरच्या बाजूला आणि तळाशी तापमान किती असते, दिवसा किती आणि रात्री किती? आर्द्रता किती असते आणि ती कशाने मोजता? तळाला काय अंथरले आहे? वाडग्यातले पाणी कोणते आणि ते कधी बदलता? त्याचे वजन किती आहे?

तृणपाते (धागाकर्ती)

मनापासून आभार. कात टाकण्याबद्दल वाचून जीव भांड्यात पडला.

तापमान वरच्या बाजूला दिवसा २५ अंश सेल्सिअस असते आणि रात्री २१. तळाशी मोजलेले नाही. आर्द्रतामापक दिवसभर ८५ ते ९० टक्के दाखवतो. बेडकाला ओलावा लागतो असे वाचल्यामुळे मी दिवसातून चार वेळा फवारणी करते. तळाला नारळाच्या भुश्याचा जाड थर आहे आणि तो कायम ओला असतो. पाणी नळाचेच आहे, परंतु रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी भरते. वजन केलेले नाही. त्याला हातात घ्यायला मी कचरते.

पाणवठा

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. बेडूक पाण्यात बसून राहतो तेव्हा पहिली शंका कोरडेपणाची येते, कारण तो तोंडाने पाणी पीत नाही. ओटीपोटाच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूच्या त्वचेतून ते शोषून घेतो. परंतु तुमच्या पेटीत ८५ टक्क्यांवर ओलावा आहे, म्हणजे तहान हे कारण संभवत नाही. सभोवताली इतके ओले असूनही तो वाडगा सोडत नसेल, तर त्या अंथरुणावर बसणे त्याच्या त्वचेला सोसत नसावे असा माझा कयास आहे. विष्ठा आणि लघवी त्याच ओल्या भुश्यात मुरते, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि ज्या त्वचेतून तो पाणी घेतो त्याच त्वचेतून अमोनियाही आत जातो. बेडूक पाळणाऱ्यांच्या हातून ही चूक नेहमी होते आणि ती बहुधा प्रेमापोटी होते.

या जातीला ५० ते ६० टक्के ओलावा पुरतो. सकाळी आणि संध्याकाळी एकेक फवारणी करावी आणि मधल्या वेळात पेटीतले पृष्ठभाग कोरडे होऊ द्यावेत. दिवसा २४ ते २८ अंश तापमान असावे, रात्री ते २१ पर्यंत उतरले तरी हरकत नाही.

पाण्याबद्दल एक खुलासा करतो. साधे क्लोरीन रात्रभरात बरेचसे उडून जाते हे खरे आहे, परंतु अनेक ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असते आणि ते असे ठेवून दिल्याने जात नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे क्लोरीन घालवणारे द्रव दोन्हींवर काम करते का, हे बाटलीवर वाचून घ्या आणि तेच वापरा. पाणी रोज बदला, आणि त्यात विष्ठा दिसली तर त्याच क्षणी बदला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भुसा पूर्ण काढून टाका आणि निदान पहिले दोन महिने तळाला साधा पांढरा, रंग व सुवास नसलेला कागदी रुमाल घाला. लपायला एक जागा, चढायला एक फांदी आणि वाडगा एवढे पुरे आहे. पेटी ओकीबोकी दिसेल, पण विष्ठा कशी आहे, किती वेळा झाली, रात्री सोडलेल्या किड्यांपैकी किती उरले, कुठे रक्ताचा ठिपका आहे का, हे सारे कागदावर दिसते आणि भुश्यात दडते. शिवाय घासाबरोबर भुसा पोटात जाऊन आतडे तुंबण्याचा धोकाही टळतो.

काजवा

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे पॅकमॅन जातीचा बेडूक होता. ती जात मातीत अर्धे अंग गाडून दिवसेंदिवस एकाच जागी बसते, त्यामुळे तो हलत नाही याचे मला कधी काही वाटले नाही, आणि खाण्यातही खंड पडतोच अशी मी मनाची समजूत घातली होती. एके दिवशी पाणी बदलताना त्याला उचलले तेव्हा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटावर लालसर छटा दिसली. मी त्याला पशुवैद्याकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या महिन्यात याचे वजन किती होते?" मला सांगता आले नाही. दुसरा प्रश्न होता, "शेवटचे कधी खाल्ले?" मी म्हणालो, आठ-दहा दिवस झाले असतील. ते म्हणाले, आठ की दहा? तेही मला सांगता आले नाही.

चौथ्या दिवशी तो गेला. जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरला होता. वेळेवर कळले असते तर तो वाचला असता का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण त्याच्याबद्दल मी सहा महिने रोज जे पाहत होतो त्यातले एक अक्षरही लिहून ठेवले नव्हते ही गोष्ट मला अजून सलते. आपली आठवण कालच्या आणि आजच्या बेडकाची तुलना करते आणि त्या दोघांत फरक नसतो. फरक पडतो तो महिन्यापूर्वीच्या बेडकात, आणि तो आठवत नाही.

तृणपाते, आजच एक वही घाला. तारीख, तापमान, ओलावा, खाल्लेल्या किड्यांची संख्या, विष्ठा, कात, दिवसा बसण्याची जागा आणि वजन. रोज दोन ओळी पुरतात.

मृदगंध

वहीबद्दल पूर्ण सहमत आहे, परंतु वजनाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. नव्या बेडकाला पहिले दोन आठवडे हात लावू नये. पकडून, दाबून, काट्यावर बसवून मिळालेल्या आकड्यासाठी त्याला जो ताण होतो त्यानेच तो आणखी दोन दिवस खाणार नाही, आणि मग वजन कमी झाले म्हणून आपण पुन्हा पकडणार. शिवाय हातावरचा साबण, मलम, डास पळवणारे औषध यांचा अंशसुद्धा त्याच्या त्वचेतून आत जातो.

पाचूच्या जातीत नजरेनेही बराच अंदाज येतो. डोळ्यांच्या वरून कानाच्या पडद्यावर उतरणारी एक वळी असते. ती अजिबात दिसत नसेल आणि पाठीची हाडे जाणवत असतील तर बेडूक अशक्त आहे. ती जाड होऊन डोळ्यांवर लोंबू लागली तर तो लठ्ठ झाला आहे.

पाणवठा

मृदगंध, तुमचे म्हणणे रास्त आहे, परंतु दोन्ही गोष्टी साधता येतात. झाकणाला भोके असलेला लहान डबा आत ओला कागद घालून काट्यावर ठेवावा आणि काटा शून्यावर आणावा. मग तो डबा पेटीत बेडकासमोर आडवा धरून त्याला मागून हलकेच डिवचले की तो स्वतःहून आत जातो. हातात धरण्याची वेळच येत नाही. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा, कारण पंधरा-सोळा ग्रॅमच्या जिवात एक ग्रॅम म्हणजे फार मोठा फरक असतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, खाऊ घालण्याआधी. भिजून फुगलेला किंवा नुकताच जेवलेला बेडूक जास्त भरतो, म्हणून वेळ बदलू नये. हात लावावाच लागला तर पावडर नसलेले, स्वच्छ पाण्याने ओले केलेले हातमोजे घालावेत, आणि नंतर आपले हात साबणाने धुवावेत, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

डोळ्यांवरची वळी प्रौढ बेडकात उपयोगी पडते. साडेपाच सेंटिमीटरच्या पिल्लात तिच्यावर मी विसंबणार नाही.

शाल्मली

मी पशुवैद्य आहे आणि माझ्या कामात उभयचर प्राणी नियमित येतात. पाणवठा यांनी सांगितलेल्या बदलांना माझा पाठिंबा आहे. घाई केव्हा करायची आणि वाट केव्हा पाहायची, हा तृणपाते यांचा मूळ प्रश्न राहून गेला आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

बेडूक निसर्गात अनेकांचे भक्ष्य असतो आणि अशक्तपणा शक्य तितका लपवतो. त्यामुळे माझ्याकडे "कालपर्यंत अगदी ठीक होता" असे म्हणत आणलेले बहुतेक बेडूक आठवडाभर आधीपासून आजारी असतात. घशाची खालची त्वचा भरभर हलते ते सामान्य आहे, तो तोंडातली हवा खेळवत असतो. परंतु तोंड उघडे ठेवून श्वास घेणे कधीच सामान्य नसते. पाय फाकून पोटावर पसरणे, अंग उताणे झाल्यावर सुलटे होता न येणे, बोटांची किंवा पायांची थरथर, झटके, पोट-मांड्यांवर लाली, एकाएकी पाण्याने भरल्यासारखे फुगलेले अंग, किंवा मागच्या द्वारातून बाहेर आलेला लाल मांसल भाग, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच दिवशी निघावे. बाहेर आलेला भाग वाटेत ओला राहील एवढे पाहावे, आत ढकलू नये.

उताणे करून सुलटा होतो का ते पाहण्याची परीक्षा कृपया घरी घेऊ नका. अशक्त बेडकाला ती झेपत नाही.

डोळ्यावर आलेला पांढुरका पडदा, नाकाच्या टोकाला काचेवर घासून पडलेली जखम, अंगावर तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिलेली कात, पातळ किंवा रक्तमिश्रित विष्ठा, आणि वाढ चालू असलेल्या बेडकाने आठवडाभर अन्न न घेणे, या गोष्टींसाठी दोन-तीन दिवसांत तपासणी व्हावी. वजनात एकदशांश घट झाली की लक्षणे असोत वा नसोत, मी बेडूक बोलावून घेते.

आता कायट्रिड बुरशीबद्दल. बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस असे तिचे नाव असून तिचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरात वाढते. बेडकाची त्वचा पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षारही आतबाहेर नेते. ते काम बिघडले की रक्तातले क्षार उतरतात आणि अखेर हृदय बंद पडते. वारंवार कात टाकणे, मंदावणे, भूक जाणे आणि दिवसाढवळ्या उघड्यावर बसून राहणे ही तिची लक्षणे आहेत, परंतु ती इतरही आजारांत दिसतात, म्हणून त्वचेवर कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर चाचणी करावी लागते. लवकर कळले तर उपचार होतात. या बुरशीमुळे जगभरात उभयचरांच्या सुमारे ५०० जाती घटल्या आहेत आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या नष्ट झाल्या आहेत. म्हणून पेटीतले पाणी बागेत, ओढ्यात किंवा तळ्यात कधीही ओतू नये, ते ब्लीचने निर्जंतुक करून मगच टाकावे. आणि पाळलेला बेडूक, तो कितीही निरोगी दिसो, बाहेर सोडू नये.

पाचूची विष्ठा मिळाली तर स्वच्छ डबीत ओल्या कागदासह ठेवून त्याच दिवशी तपासायला द्या. ही तपासणी प्रत्येक नव्या बेडकाची व्हावी, लक्षणे नसली तरी. माणसांचे जंतुनाशक, मलम किंवा ओळखीच्यांनी सांगितलेले जंतांचे औषध परस्पर लावू नका. जे औषध कुत्र्याला थेंबभर चालते ते याच्या त्वचेतून सबंध अंगात भिनते.

तृणपाते (धागाकर्ती)

सर्वांचे सविस्तर प्रतिसाद दोन-दोनदा वाचले आणि त्याच संध्याकाळी भुसा काढला. आज सहा दिवस झाले. वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देत आहे.

पहिला दिवस: कागद घातला, पाणी द्रव घालून भरले. वजन १६.२ ग्रॅम. रात्रभर पाण्यात.
दुसरा दिवस: ओलावा दुपारी ६२ टक्के. सकाळी वाडग्यात, दुपारी वाडग्याच्या काठावर. रंग तपकिरी.
तिसरा दिवस: सकाळी काचेवर वर चिकटलेला, पाय अंगाखाली घट्ट दुमडलेले, डोळे मिटलेले. पाण्यात नाही. रंग फिकट हिरवा.
चौथा दिवस: रात्री तीन रातकिडे सोडले, सकाळी दोन उरले. विष्ठा झाली, पातळ.
सहावा दिवस: पुन्हा कात. आधीच्या कातीनंतर नऊ दिवसांनी. वजन १५.४.

वाडग्याचा प्रश्न सुटला असे दिसते. तिसऱ्या दिवशी तो काचेवर झोपलेला पाहिला तेव्हा किती बरे वाटले ते सांगता येत नाही. परंतु वजन उतरले आहे आणि विष्ठा पातळ आहे. हा नुसता जागा बदलल्याचा परिणाम असेल का? आणखी एक सांगायचे राहिले. काल रात्री तो एका किड्यावर दोनदा जीभ टाकताना दिसला आणि दोन्ही वेळा किडा सुटला.

दवबिंदू

जीभ टाकूनही किडा सुटण्याबद्दल माझा अनुभव सांगते. माझ्या बेडकाचे असे सतत होऊ लागले तेव्हा त्याला नीट दिसत नसावे असा मी समज करून घेतला होता. तपासणीत अ-जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. या कमतरतेत जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथींचे अस्तर बदलते आणि जीभ पूर्वीसारखी चिकटत नाही, म्हणजे नेम बरोबर असतो, पण भक्ष्य धरून राहत नाही. दोनदा चुकला म्हणून लगेच घाबरू नका, पिल्ले चुकतात; मात्र दहापैकी किती वेळा चुकतो ते मोजा.

किड्यांवर कॅल्शियम आणि ड३-जीवनसत्त्वाची भुकटी लावता का? रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे नुसत्या रातकिड्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडे मऊ पडतात. आणि उरलेले किडे सकाळपर्यंत पेटीत ठेवू नका, ते झोपलेल्या बेडकाची त्वचा कुरतडतात. दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये हेही सांभाळा.

शाल्मली

तृणपाते, ०.८ ग्रॅमची घट म्हणजे पाच टक्के. एवढी घट नव्या जागेमुळेही होऊ शकते, परंतु पातळ विष्ठा जोडीला असल्यामुळे मी वाट पाहणार नाही. ताजा नमुना द्या, आणि शक्य असेल तर पाचूलाही दाखवा. नेताना भोके असलेल्या डब्यात ओला कागद घाला, पाणी साठवून ठेवू नका. हिंदकळणाऱ्या पाण्यात लहान बेडूक दमतो. किड्यावर जीभ टाकतानाचे चित्रण फोनवर करून घ्या. तपासणीच्या टेबलावर कोणताच बेडूक जेवत नाही, त्यामुळे अशा चित्रणाचा आम्हाला फार उपयोग होतो. पेटीचे छायाचित्र आणि वही सोबत न्यायला विसरू नका.

तृणपाते (धागाकर्ती)

पाचूला पशुवैद्यांना दाखवून आणले. विष्ठेत गोलकृमींची अंडी मोठ्या संख्येने निघाली. त्वचेचा नमुनाही घेतला होता, त्यात कायट्रिड आढळली नाही. तोंड आणि जीभ तपासली, तिथे सध्या काही दोष दिसला नाही. पण भुकटी मी आठवड्यातून एकदाच लावत होते हे कळल्यावर त्यांनी प्रत्येक खाण्याला कॅल्शियम लावायला आणि आठवड्यातून एकदा अ-जीवनसत्त्व असलेली भुकटी द्यायला सांगितले. फेनबेन्डॅझोल हे कृमींवरचे औषध दिले आहे. मात्रा वजनावरून काढली, आणि तेव्हा वहीतले दोन आकडे मी पुढे केले. दुसरी मात्रा दोन आठवड्यांनी द्यायची आहे.

मला एक समजत नाही. बंदिस्त पैदाशीतल्या बेडकात इतके कृमी कसे आले, आणि आता पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करावे?

शाल्मली

थोडे कृमी पुष्कळ बेडकांत असतात आणि प्रकृती चांगली असली तर त्यांचा उपद्रवही होत नाही. प्रवास, जागेचा बदल आणि अयोग्य ओलावा यांनी प्रतिकारशक्ती खचली की त्यांची संख्या वाढते. शिवाय निसर्गात बेडूक विष्ठा टाकून पुढे जातो. पेटीत तो त्याच चार कोपऱ्यांत फिरतो आणि अंड्यांतून निघालेले कृमी पुन्हा त्याच्याच अंगात शिरतात. ओल्या भुश्यात हे चक्र वेगाने फिरले असणार. म्हणून औषधाइतकाच कागद महत्त्वाचा आहे. तो दिवसाआड बदला, उपचार चालू असेपर्यंत शक्यतो रोज. फांदी आणि वाडगा उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण गार करून परत ठेवा. दुसऱ्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विष्ठा तपासा. दुसरा बेडूक आणण्याचा विचार असेल तर पाचूला निदान ६० दिवस, जमल्यास ९०, स्वतंत्र पेटीत राहू द्या, आणि चिमटा, फवारणीची बाटली, वाडगा यांपैकी काहीही दोघांत सामाईक ठेवू नका.

काजवा

तृणपाते, मात्रा वहीतल्या वजनावरून निघाली हे वाचून मला फार समाधान वाटले. दुसऱ्या मात्रेच्या आधी वजन पुन्हा करा, तोवर ते बदललेले असेल.

तृणपाते (धागाकर्ती)

आज पाचूला घरी येऊन अकरा आठवडे झाले, म्हणून कळवत आहे. दोन्ही मात्रा झाल्या, नंतरच्या तपासणीत अंडी आढळली नाहीत. वजन आज १९.७ ग्रॅम भरले. काती सहा ते नऊ दिवसांच्या अंतराने पडत आहेत. गेल्या पंधरा दिवसांत टाकलेल्या ३१ किड्यांपैकी त्याने २९ खाल्ले, आणि मी पाहत असताना तो तीनदाच चुकला.

दिवसा तो काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात झोपतो. संध्याकाळी दिवे मंद केले की आधी एक डोळा उघडतो, मग पुढचा उजवा पाय सोडवून बोटे पसरतो, आणि पाचेक मिनिटांनी फांदीवर उतरतो. हा क्रम मी वहीत इतक्या वेळा लिहिला आहे की परवा तो कोपऱ्यात न दिसता फांदीच्या मागे झोपलेला आढळला तेव्हा मी आधी तापमान पाहिले. वरच्या बाजूला ३१ अंश झाले होते. दिव्याचा थर्मोस्टॅट सरकला होता. तो दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी पाचू परत आपल्या कोपऱ्यात.

आता वजन दर आठवड्याला करत राहावे की अंतर वाढवावे?

पाणवठा

वाढ चालू आहे तोवर पंधरा दिवसांतून एकदा करा, पूर्ण वाढ झाल्यावर महिन्यातून एकदा पुरेल. खाण्याची, विष्ठेची आणि झोपण्याच्या जागेची नोंद मात्र रोजचीच राहू द्या. थर्मोस्टॅटचा मापक पेटीच्या आत, दिव्यापासून एक वीत अंतरावर घट्ट बसवा, म्हणजे तो सरकणार नाही.